पुन्हा लावा, भाऊ

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली आणि सुनेनं म्हातारीच्या पायात चपला चढवल्या. जायचं जवळच होतं, बंदराच्या जुन्या कचेरीपर्यंत. तिथलं एक गोदाम पाडताना पत्र्याच्या डब्यांत जुन्या फिल्मा सापडल्या होत्या. कुणा हौशी साहेबानं कधीकाळी बंदराचं काम टिपून ठेवलेलं. आता दर सुट्टीच्या दुपारी कचेरीच्या दालनात पडदा लावून त्या फुकट दाखवत. ज्यांच्या घरातल्यांची हाडं गोदीवर झिजली, अशी म्हातारीकोतारी तिथं येऊन बसत आणि आपापले मेलेले ओळखत. ‘तो बघा माझा आजा.’ ‘तो नव्हे हो, त्याच्या मागचा, पाठमोरा.’ असा सगळा गलका.

म्हातारीचे दोन्ही डोळे गेलेले. तरी हट्ट कायम.

“तू बघ आणि मला सांग. माझा लेक त्यात असणारच. त्याच्यावाचून ते बंदर हललं असतं का?”

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं सून मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, “चला, आई.”

दालनाच्या खिडक्यांना काळे पडदे होते. फिल्मवाल्यानं यंत्र सुरू केलं, ते खडखडायला लागलं आणि तापलेल्या फितीचा वास सुटला. पडद्यावर बोट आली, धक्का आला, बोटीवरून धक्क्यावर टाकलेली लांब फळी आली. फळीवरून हमालांची रांग उतरत होती, ज्याच्या त्याच्या पाठीवर कोळशाचं पोतं.

त्या रांगेत तो होता. सुनेचा नवरा, लग्नाआधीचा, पिळदार आणि काळाकभिन्न. गोदीवर त्याला रेडा म्हणत, आणि तो त्या नावावर फुशारायचा. फळी उतरून त्यानं पोतं ढिगावर फेकलं, समोर बघून दात काढले आणि फीत संपली.

“आहे का गं?”

“आहे.”

“हसतोय?”

“हसतोय, आई.”

म्हातारी रडायला लागली. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, नुसते दात दिसले तरी सुनेची पाठ आपोआप भिंतीला टेकली.

त्या दातांची तिला चांगली ओळख होती. मारताना तो असाच हसायचा. म्हातारी उठून दार लावून घ्यायची आणि सांगायची, “तोंडावर नको रे, लोक विचारतात.” मग चुलीवरची भाजी हलवायला जायची. पुढं एकदा दारूच्या तारेत तो अशाच एका फळीवरून बोट आणि धक्क्याच्या मधे पडला आणि सुटला. सून सुटली नाही. खोली म्हातारीच्या नावावर होती, माहेरी कुणी उरलं नव्हतं. रेडा गेला आणि शिंगं घरात राहिली.

पुढच्या सुट्टीला म्हातारीनं पुन्हा धोशा लावला. पुन्हा तीच बोट, तीच फळी. पण या वेळी त्यानं पोतं फेकलं आणि तो हसला नाही. वाकून गुडघ्यांवर हात टेकले.

“हसतोय?”

“हो, आई.”

सुनेला वाटलं, आपणच मागच्या वेळी नीट बघितलं नसेल. पण त्याच्या पुढच्या वेळी त्याच्या खांद्यावरची कातडी सोललेली होती. पुढं पुढं पाय लटपटायला लागले. पोतं मोठं झालं, की तो लहान झाला, ते कळेना. बाकीचे हमाल होते तसेच, ठणठणीत. हा एकटा खंगत चाललेला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. फीत लावली, की त्याला ओझं उचलावं लागतंय. दर वेळी, खरोखरचं. आणि दमलेलं अंग घेऊन तो पुढच्या वेळेपर्यंत तिथंच थांबतोय.

भल्या बाईनं इथं हात जोडले असते. ही फिल्मवाल्याला म्हणाली, “पुन्हा लावा, भाऊ. आईंचं मन भरलं नाही.”

हळूहळू बाकीची माणसं कंटाळून यायची थांबली. या दोघी मात्र चुकल्या नाहीत. सून थर्मासमधून फिल्मवाल्याला चहा न्यायची आणि एका बैठकीत तीच फीत परत परत लावून घ्यायची. तिला भूक लागायला लागली. भांडी घासताना ती गुणगुणायला लागली. म्हातारी शेजारणींना सांगे, “सून नाही, लेक आहे माझी. माझ्या मुलावर जीव टाकते.” ऐकून सून लाजायची सुद्धा.

फिल्मवाला एकदा दबकत म्हणाला, “वहिनी, जुनी फीत आहे… झिजते. आणि तो माणूस… तुम्हाला काही वेगळं दिसतं का हो?”

“मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही लावा.”

मग ती दुपार आली. यंत्र सुरू झालं आणि म्हातारीनं नाक वर केलं. अंधारात ती वास घेत होती. दालनात घामाचा वास होता, ओल्या कोळशाचा होता, आणि त्याच्याखाली चिघळलेल्या जखमेचा.

“सूनबाई… हसतोय ना?”

“हसतोय, आई.”

“खोटं बोलतेस.”

म्हातारी उठली आणि चाचपडत पडद्यापर्यंत गेली. तिनं हात पडद्यावर टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“खांद्याचं नुसतं हाड उरलंय गं याच्या… किती राबवलंस?”

सुनेनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

“बसू दे त्याला. घटकाभर तरी बसू दे. तुझ्या पाया पडते.”

सुनेला दार लावून घेतल्याचा आवाज आठवला. ती शांतपणे म्हणाली, “ओरडू नका, आई. लोक विचारतात.” आणि मागं वळून, “पुन्हा लावा, भाऊ.”

फिल्मवाल्यानं तिच्याकडं न बघता फीत लावली. म्हातारी झोतातच उभी होती, सगळं बंदर तिच्या अंगावर पडलं. तो फळीवरून रांगत खाली आला. ढिगाकडं गेला नाही. तिच्यासमोर थांबला. पाठीवरचं पोतं त्यानं हळूच खाली ठेवलं आणि तिच्यापुढं वाकला, पाठ करून, ओझं घ्यायला वाकतात तसा.

फीत तटकन तुटली. पडदा पांढरा झाला. म्हातारी खाली पडली होती.

शेवटची आंघोळ सुनेनंच घातली. तळहाताला काळं लागलं होतं ते निघालं. पण पोटऱ्यांवर, आतल्या बाजूला, कुणी घट्ट धरल्यासारखी बोटं उमटली होती, कोळशाची. ती घासून घासूनही गेली नाहीत. सुनेनं चादर ओढून झाकली.

त्यानंतर तिनं कचेरीची वाट सोडली. पलंग उन्हात टाकला, खोलीला चुना दिला. आपल्यापुरतं शिजवायचं, आपल्यापुरतं जेवायचं. सुख म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटायला लागलं, आणि एका दुपारी दार वाजलं.

दारात फिल्मवाला होता. दाढी वाढलेली.

“या ना, भाऊ. चहा टाकते.”

“नको.” तो उंबऱ्याबाहेरच थांबला. “वहिनी, मी आता ती फीत लावत नाही. तुटलेली तशीच डब्यात ठेवलीय. यंत्राची वायर काढून घरी नेली. तरी पडदा उजळतो.”

“मग?”

“आता त्यात बंदर नाही. तो फाटकातून बाहेर पडलाय. रस्त्यानं चालतोय. पाठीवर पोतं नाही… तुमच्या सासूबाई आहेत. त्यांना दिसतंय, वहिनी. डोळे टक्क उघडे आहेत. बोट करून करून त्याला वाट दाखवतात, इकडं वळ, आता तिकडं वळ. आणि दोघंही हसतात.”

तिनं दाराची कडी धरली. “कुठवर आलेत?”

“काल तुमच्या गल्लीच्या तोंडाशी होते. आज बघितलं आणि तसाच पळत सुटलो. या खोलीला मागून दार आहे का?”

“नाही.”

फिल्मवाल्यानं मान वळवून जिन्याकडं बघितलं. जिना रिकामा होता, ऊन पडलेलं होतं. मग तो भिंतीला अंग चिकटवून, पोट आत ओढून, बाजूला सरकला. ओझं घेऊन वर येणाऱ्याला आपण जागा देतो ना, तसा.