दातांचं कारस्थान

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात परक्यांचे दात होते. मी कवळ्या बनवते. डबा छातीशी धरून मी लिफ्टमध्ये शिरले, तर निळ्या कपड्यांतला एक मुलगा आरशावर चिकटवलेलं वर्तमानपत्र नखानं खरवडत होता. बाहेर पाऊस होता. माझ्या छत्रीचं पाणी त्याच्या बुटावर ठिबकत राहिलं, आणि त्यानं पाय मागे घेतला नाही.

"हे कोणी लावलंय हो?" लिफ्ट दुरुस्त करणारा तो, त्यानं विचारणं भागच होतं.

"बाबांनी... म्हणजे माझ्याच."

बाबांचं म्हणणं असं, की आरसा दिसला की माणूस आधी दात बघतो. आरशामागचा कॅमेरा ते दात मोजतो आणि लिफ्टची कंपनी तो आकडा वरपर्यंत पोचवते. वर म्हणजे कुठे, असं विचारलं की बाबा डोळे बारीक करून छताकडे बघत. तिथे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका-काकू राहतात. पण बाबांचा हिशोब पक्का होता. दात कळले की कोण काय चावू शकतं ते कळतं. ते कळलं की बाजारात कडक बिस्किटं आणायची की मऊ, ते ठरतं. आणि बिस्किटं ज्याच्या हातात, जग त्याच्या हातात! लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, बाबांनी बिस्किटावरून गाठला होता. आई गेल्यापासून ते फोनवरच्या एका गटात रमले होते. सगळे निवृत्त, सगळे 'जागे'. दुपारीसुद्धा झोपत नसत.

हे सगळं मी त्याला सांगितलं, हसेल म्हणून. तो हसला नाही.

"मागे साधं प्लायवूड आहे. काकांना उघडून दाखवेन कधीतरी," तो म्हणाला. मग डब्याकडे बघून, "यात काय आहे?"

"दात."

"किती?"

"तुम्हाला कशाला मोजायचेत?"

तेव्हा मात्र तो हसला... पुढचा एक दात किंचित वाकडा. माझं लक्ष आधी दातांकडेच जातं, धंदाच तसा. असा गोड वाकडेपणा मला कवळीत कधीच जमला नसता.

लिफ्टची तपासणी असते महिन्यातून एकदा. हा दर आठवड्याला यायला लागला – कधी दरवाजा कुरकुरतो म्हणून, कधी कुरकुरत नाही म्हणून – आणि नेमका मी कामावरून परतायच्या वेळेला. आम्ही बोलत बोलत पाचव्या मजल्यावर, आमच्या घरापर्यंत जायचो, आणि बोलणं संपलं नाही की पुन्हा खाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हाला कळलंच नाही.

बाबांना मात्र बाकी सगळं कळत होतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय, चिमे," ते एकदा चहा ढवळत म्हणाले. तक्रार कोणाची नाही, तरी माणूस येतो. खिशात स्क्रूड्रायव्हर असतो, बाहेर निघत नाही. आणि ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस अत्तर कशाला लावेल?

पुरावे सगळे खरे होते, हीच तर पंचाईत होती. वर बाबा म्हणाले, उद्या त्याच्या साहेबाला फोन करतो. विनाकारण फेऱ्या मारतो हे साहेबाला कळलं, तर त्याची नोकरी जाणार. आणि बाबांना खरं सांगावं, तर त्यांचा हेर त्यांच्या मुलीच्याच मनात शिरलेला! त्याला गमवायचं नव्हतं, आणि बाबांना तर त्याहून नव्हतं.

फोनच्या आधी एकदा समोरासमोर विचारायचं, असं बाबांनी ठरवलं असावं. त्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले आणि दोन मजल्यांच्या मध्ये त्यांनी लाल बटण दाबलं. लिफ्ट थांबली.

"आता बोला. कोणासाठी येता?"

"काका, मी... म्हणजे कंपनी..." त्याचे कान लाल झाले.

"माझ्यासाठी येतो," मी म्हटलं. "बाबा, मला तो आवडतो. खूप."

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या लाल कानांकडे.

"म्हणजे दातांचं..."

"नाही हो काका."

"बिस्किटं? वरपर्यंत काहीच जात नाही?"

"मीच जातो. फक्त पाचव्या मजल्यापर्यंत."

बाबा भिंतीला टेकले आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की मला वाटलं तो कित्येक महिने आत अडकला होता.

"अगं, मग आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "तू दात बनवतेस... मला वाटलं, ते तुझ्याच मागावर आहेत. आई गेल्यावर तू एवढीच आहेस मला. झोप लागत नव्हती गं."

माझे डोळे भरून आले, आणि हसूही आलं. इतके दिवस मी त्यांना नुसतं खुळचट समजत होते.

बाबांनी आरशावर पुन्हा चिकटवलेला कागद स्वतःच्याच हातानं ओढून काढला. आम्ही तिघं आत दिसलो. बाबांनी जरा बिचकत ओठ उघडले आणि मी बनवलेल्या कवळीसकट मनापासून हसले.

"मागे प्लायवूडच आहे ना, नक्की?"

"उघडून दाखवू?"

"आज नको," बाबा म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ये. तक्रार मी नोंदवतो, रीतसर. त्याच्या पुढच्या आठवड्यात दरवाजा कुरकुरेल."

माझा जीव भांड्यात पडला. त्यानं लिफ्ट पुन्हा चालू केली, आणि आरशात तो वाकडा दात मला पाचव्या मजल्यापर्यंत दिसत राहिला.