लाल दिवा न लागलेली दुपार

तळघराच्या अरुंद जिन्यावरून ती बर्फाचा डबा छातीशी धरून उतरत होती आणि तो वर येत होता. वाट द्यायला दोघे एकाच बाजूला सरकले. मग दोघेही दुसऱ्या बाजूला.

"आधी डबा जाऊ द्या," तो म्हणाला. "माणसांचं नंतर बघू."

तो क्ष-किरण यंत्रावरचा तंत्रज्ञ होता, ती वरच्या मजल्यावरची संशोधक. डब्यातल्या काचेच्या बशीत मुळ्याच्या पानातल्या, भिंती काढलेल्या सुट्या पेशी होत्या. कोबीच्या पेशींशी त्यांचा संयोग घडवायचा. मुळ्याची हरितलवकं आणि तंतुकणिका, म्हणजे हिरवेपणाचे आणि शक्तीचे ते इवले कण, कोबीत आणायचे. केंद्रक मात्र कोबीचंच हवं. म्हणून मुळ्याचं केंद्रक आधी किरणांनी मारून टाकायचं.

"म्हणजे सामान ठेवून घ्यायचं आणि घरमालकाला उडवायचं?"

"आम्ही त्याला दाता म्हणतो."

"बिचारा! आणि त्याची सुपारी मला?"

ती हसली, आणि बर्फ असूनही डबा तिला उबदार वाटला.

वास्तविक डबा पोचवायला शिपाई होता. तरी प्रत्येक खेपेला तीच उतरू लागली. तो तिला 'कोबीबाई' म्हणू लागला; ती त्याला 'मारेकरी'. दोन्ही नावं हळूहळू इतकी मऊ झाली, की खरी नावं परकी वाटावीत.

मग एका दुपारी बशी यंत्रात ठेवता ठेवता तो म्हणाला, "दूरच्या शहरातल्या रुग्णालयात नोकरी मिळतेय मला. ... येशील माझ्याबरोबर?"

पहिल्यांदाच 'तू'. तिने यंत्राच्या जाड, करड्या दाराकडे पाहिलं. तिला ताई आठवली. ताई इमारतींचे नकाशे काढायची. लग्नानंतर नकाशे माळ्यावर गेले. ताई सुखात होती. फक्त, तिला काहीही विचारलं, की ती आधी नवऱ्याकडे बघायची.

"या खेपेची रोपं येऊ देत," ती म्हणाली, "मग सांगते."

"कोबी ठरवणार माझं?"

"कोबीच."

त्याने दार लावलं. दोघे बराच वेळ बोलत राहिले, नोकरी सोडून बाकी सगळ्यावर. मग तिने बशी उचलली आणि ती वर गेली.

रोपं आली, तेव्हा तिच्या विभागप्रमुख सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अहो, हा तर निव्वळ मुळा! ही खेप गेली पाण्यात. सगळं पुन्हा करा."

मात्र कोपऱ्यातलं एक रोप वेगळं होतं. पान कोबीसारखं जाड, निळसर. कडा मात्र मुळ्यासारखी कातरलेली, वर खरखरीत लव. दोन्ही केंद्रकं जिवंत असल्याशिवाय असं पान येत नाही, हे तिला ठाऊक होतं. कुंडी घेऊन ती थेट तळघरात गेली.

"त्या दुपारी यंत्रावरचा लाल दिवा लागला होता?"

तो कानामागे खाजवत म्हणाला, "मी... दिव्याकडे बघत नव्हतो."

"मग कुठे बघत होतात?"

"दिव्याच्या अलीकडे."

दिव्याच्या अलीकडे तीच उभी होती.

"किरणांचं बटण दाबायचंच राहिलं," तो हळूच म्हणाला. "सरांना मी सांगतो. चूक माझी आहे."

"दोघांची. दिवा मलाही दिसायला हवा होता."

त्याने कुंडीकडे पाहिलं. "हे जगेल?"

"जगेल. वेडंवाकडं वाढेल. सरांच्या दृष्टीने निकामी."

"आणि तुझ्या?"

ती पानाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मी इथलं काम सोडणार नाही. आज नाही, लग्नानंतर नाही. तुला नोकरी सोड असंही म्हणणार नाही. कुणाचंच केंद्रक जाळायचं नाही. चालेल?"

"म्हणजे मी तिकडे, तू इकडे?"

"शनिवारी तू यायचं. पुढच्या शनिवारी मी."

"लोक म्हणतील, हा कसला संसार!"

"म्हणू देत."

त्याने कुंडी तिच्या हातातून घेतली, तळघराच्या झरोक्यातल्या उजेडात धरली आणि ते खरखरीत पान गालाला लावून पाहिलं.

"टोचतंय," तो म्हणाला. "पण चालेल, कोबीबाई."