खात्री नसेल तर एन

आठ मशीनं धुळ्याहून टेम्पोत आली ती केळीच्या पानांखाली झाकून. बन्सीभाऊ चौधरींनी कॉम्प्युटर क्लास काढायच्या आधी वीस वर्षं सावद्याहून केळीच्या वॅगनी भरल्या होत्या. नाजूक माल म्हटलं की वर पान, एवढंच त्यांना ठाऊक. १९९८ चा एप्रिल होता, खानदेशात बेचाळीस अंश होते, आणि खरं सांगायचं तर पानांखाली मशीनं थंडच राहिली.

मशीनं आणायला वना गेला होता. वना पाटील, वय तेवीस, राहणार पाचोरा. जळगावच्या ‘प्रगती कॉम्प्युटर अँड टायपिंग’मधला मास्तर, मेकॅनिक आणि सकाळी कुलूप उघडणारा, सगळं तोच. धुळ्यातलं ते ऑफिस बंद झालेलं होतं. दोन मजले, चाळीस टेबलं आणि माणूस एकच, धनसिंग वॉचमन.

“बाकीचे लोक कुठे गेले?” वनाने विचारलं.

“कोन लोक?” धनसिंग म्हणाला. “मी एकलाच शे. पहिलेपासीन.”

चाळीस टेबलांवर पाण्याचे चाळीस ग्लास उपडे घातलेले होते. एकट्या माणसाला तहान फार लागत असेल, असं वना धरून चालला. एका मॉनिटरच्या पाठीला चिकटपट्टीने लावलेली फ्लॉपी होती. तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘३८६ साठी उत्तरं’. वनाने ती खिशात टाकली. आयती उत्तरं मिळाली की घ्यायची, ही सवय त्याला डिप्लोमापासूनच होती.

काम असं होतं. मशीनं ३८६ प्रोसेसरची, म्हणजे तेव्हाच म्हातारी. चार एमबी मेमरी. त्यांच्यावर फुकटातली लिनक्स चालवायची असं वनाने ठरवलं होतं. पुण्याच्या एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तिचा गाभा होता, त्याला कर्नल म्हणतात. पण तो तयार कर्नल जगातल्या प्रत्येक यंत्रासाठी बनवलेला, बस्त्याला निघालेल्या वऱ्हाडासारखा अवजड. तो या मशीनांत शिरेना. मग आपल्यापुरता लहान कर्नल स्वतः बांधायचा. त्यासाठी कॉम्प्युटर एकेक करून तीनशेच्या वर प्रश्न विचारतो. प्रोसेसर कोणता? अमुक कार्ड हवं का, तमुक डिस्क हवी का? वाय म्हणजे हवं. एन म्हणजे नको. एम म्हणजे तुकडा बाहेर डिस्कवर ठेवायचा, लागला की आत बोलवायचा, काम झालं की परत बाहेर. नुसतं एंटर मारलं की मशीन आपल्या मनाने ठरवतं. प्रश्न कळला नाही तर प्रश्नचिन्ह दाबायचं, मग माहिती येते आणि माहितीच्या शेवटी बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, खात्री नसेल तर एन म्हणा.

पहिल्याच काही प्रश्नांत गणिताचा प्रश्न होता. ३८६ गणितात कच्चा, दशांश चिन्ह दिसलं की अडतो. कर्नलमध्ये त्याला गणिताची कॉपी पुरवणारा एक तुकडा घालावा लागतो. वनाने तिथे मनापासून वाय म्हटलं.

दाबलं नाही, नुसतं म्हटलं, कारण कीबोर्डवर कुंदाबाई होत्या. कुंदाबाई टायपिंग शिकवायच्या. मिनिटाला साठ शब्द इंग्रजी, एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नाही. अर्थ कळला की वेग कमी होतो असं त्यांचं मत. क्लासमधल्या त्यातल्या त्यात तगड्या ४८६ मशीनवर त्या प्रश्न मोठ्याने वाचायच्या. वना मागे जमिनीवर बसून धुळ्याच्या मशीनांचे स्क्रू काढत वाय, एन, क्वचित एम सांगायचा. तो गप्प राहिला तर बाई एंटर मारून पुढे जायच्या. सकाळी अकरापर्यंत ही पद्धत छान बसली होती.

“आज होईल ना?” बन्सीभाऊ दारातून म्हणाले. “परवा आखाजी. मुहूर्तावर नारळ फोडायचा आहे मला.”

“होईल भाऊ.”

“झालं तर संध्याकाळी सूट. नाही झालं तर तू इथेच. मग बहिणीला आणायला दुसरं कोणी बघ.”

दुसरं कोणी नव्हतं. वनाचे वडील जाऊन चार वर्षं झाली होती. बहीण कस्तुरा चोपड्याला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, पण न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. तीन वर्षं काही ना काही निघून तिला पाठवलं नव्हतं. यंदा सासूने हो म्हटलं होतं. आईने आठ दिवस आधीच अंगणातल्या निंबाला झोका बांधून ठेवला होता आणि त्यावर कोणाला बसू देत नव्हती.

पहिला कर्नल चाळीस मिनिटांनी तयार झाला आणि शेवटी ओळ आली, सिस्टिम फार मोठी आहे.

“मग कापा,” कुंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने तो ब्लाउज होता.

या वेळी वनाने धुळ्याची फ्लॉपी घातली. बाई वाचू लागल्या. ओळखीचे प्रश्न गेले. मग बाई म्हणाल्या, “सीलिंग फॅन, थर्ड. पुढे कंसात न्यू.”

न्यू म्हणजे आधी न विचारलेला प्रश्न. वनाला वाटलं मशीनच्या आतल्या पंख्याबद्दल असेल. “प्रश्नचिन्ह मारा.”

बाईंनी वाचलं. वनाने मनात मराठी केलं. खिडकीजवळ बसणाऱ्यांना याने वारा लागतो. बाकीच्यांना गरज नाही. खात्री नसेल तर एन म्हणा.

“एन,” वना म्हणाला.

थोड्या वेळाने त्याच्या मानेवरून घाम ओघळला. त्याने वर पाहिलं. छताला दोन पंखे होते.

“बाई, तिसरा पंखा कुठे गेला?”

“कुठला तिसरा? दोनच आहेत पहिल्यापासून. उन्हाळ्यात मेली काहिली होते.”

छताला हूक नव्हता. चुन्यावर डाग नव्हता. भिंतीवर रेग्युलेटर दोन. वनाने ओला रुमाल डोक्यावर घेतला. उन्हाने माणसाला काहीही वाटतं, पण पंखे कमी वाटल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

“छगन, टी,” बाईंनी पुढचं वाचलं. “न्यू.”

“काय?”

“सी, एच, एच, ए, जी, ए, एन. टी, ई, ए.”

खाली छगनची चहाची गाडी होती. त्याचा चहा इतका पातळ की तळाशी ग्लासावरचं नाव वाचता यायचं. वनाला वाटलं, पुण्याच्या मासिकवाल्यांनी किंवा धुळ्याच्या कोणीतरी मस्करी करून ठेवली आहे. मस्करीला मस्करीने उत्तर द्यायचं, हे त्याचं धोरण होतं.

“एन,” तो म्हणाला. “शंभर वेळा एन.”

“एकदाच दाबता येतं,” बाई म्हणाल्या.

दुसरा कर्नल तयार होईपर्यंत एक वाजला. चहा आला नाही. कुंदाबाईंनी टेबलाखालून स्टोव्ह काढला आणि पंप मारू लागल्या.

“बाई, छगन नाही आला?”

“कोण छगन?”

“चहावाला.”

“पाच वर्षं या स्टोव्हवर मी चहा करते, आणि चहावाला म्हणे. जीभ भाजली तरी नाव माझंच घे.”

वना खाली गेला. गाडीच्या जागी सायकलींची रांग होती. शेवटच्या सायकलीची चाकं जमिनीत दोन बोटं रुतलेली होती आणि स्पोकांतून वेल वर चढला होता. वनाने दोन्ही बाजूच्या दुकानदारांना विचारलं. दोघांनी सारख्याच आपुलकीने त्याला पाणी दिलं आणि सावलीत बसायला सांगितलं.

तो वर आला तेव्हा स्क्रीनवर ओळ होती, सिस्टिम अजूनही मोठी आहे. थोडक्यासाठी.

“पुन्हा सुरू करू?” बाईंनी विचारलं.

“करा. पण मी सांगितल्याशिवाय काही दाबू नका. छगनचा प्रश्न आला की वाय.”

छगनचा प्रश्न आला नाही. पंख्याचा आला नाही. वना आता बाईंच्या खुर्चीला धरून उभा होता.

“कस्तुरा,” बाईंनी वाचलं. “न्यू.”

खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला.

“प्रश्नचिन्ह मारा,” वना म्हणाला.

या वेळी त्याने स्वतः वाचलं. पाचोऱ्याच्या घरातली मुलगी, वय सव्वीस. डाव्या भुवईवर खूण, झोक्यावरून पडल्याची. आकाराने मोठा पर्याय. फार थोड्या लोकांना लागतो. खात्री नसेल तर एन म्हणा.

कुंदाबाईंचं बोट एंटरवर टेकलेलं होतं. मशीनने आपल्या मनाने काय ठरवलं होतं ते प्रश्नाच्या शेजारी मोठ्या अक्षरात दिसत होतं. एन.

“बाई, हात उचला.”

“अरे, काय झालं?”

“उचला.”

बाईंनी हात उचलले. वना टेबलामागे गेला आणि त्याने मशीनची वायर उपटली.

स्क्रीन चालूच राहिला.

क्लासमध्ये बॅटरी नव्हती, इन्व्हर्टर नव्हता. वायर त्याच्या हातात होती. प्रश्न होता तिथेच होता आणि कर्सर लुकलुकत होता, घाई नसलेल्या माणसासारखा.

वनाने वायर परत लावली. वाय दाबलं.

जागा नाही, असं उत्तर आलं. खाली परत तोच प्रश्न.

वाय. जागा नाही. वाय. जागा नाही.

“तुझी बहीण ना ही?” कुंदाबाई हळूच म्हणाल्या. “आखाजीला यायची आहे ती?” त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, नाव कळत होतं. “तिला बाहेर ठेवता येत नाही का? लागली की बोलवायची. तू मघाशी म्हणालास ना, ते एम.”

वनाने एम दाबलं.

मशीनने हरकत घेतली नाही.

वना खाली जमिनीवर बसला. त्याने पाण्याची बाटली उघडली आणि अर्धी पिण्यासाठी, अर्धी डोक्यासाठी वापरली. बाई पुढे वाचत होत्या, मग एंटर, मग वाचणं, मग एंटर. बाटली खाली ठेवेपर्यंत प्रश्न संपले होते.

“शेवटी आणखी एक न्यू होता,” बाई म्हणाल्या. “तू काही बोलला नाहीस, म्हणून मी एंटर मारलं.”

“काय होता?”

“वर गेला रे. चारच अक्षरांचा होता, नीट पाहिला नाही. त्याने आपल्या मनाने एम घेतलं.”

तिसरा कर्नल बसला. चार वाजता आठही म्हाताऱ्या मशीनांनी एकामागून एक डोळे उघडले. बन्सीभाऊंनी प्रत्येकाला कुंकू लावलं, वनाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “जा. आण बहिणीला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वना एसटीने चोपड्याला पोहोचला. कस्तुराची सासू ओट्यावर शेवया वाळत घालत होती. तिने तक्रार केली नाही, ही पहिली वेगळी गोष्ट.

“हाक मार, येस ती,” सासू म्हणाली. “हाक मार्‍याशिवाय येत नहीं. कालपासीन असंच शे.”

“कस्तुरा अक्का!” वनाने हाक मारली.

“आले रे,” अक्का म्हणाली. ती दारातच उभी होती, पिशवी भरून, नवं लुगडं नेसून. भुवईवरची खूण होती. वनाने ती दोनदा बघितली.

एसटीत दोघं शेजारी बसले. तापीच्या पुलावर वारा आला आणि वनाचा जरा डोळा लागला. कंडक्टरने विचारलं, “किती?”

“दोन,” वना म्हणाला.

कंडक्टरने शेजारच्या सीटकडे पाहिलं. वनानेही पाहिलं. सीट रिकामी होती. खिडकीच्या गजाला तिची पिशवी अडकवलेली होती.

“अक्का,” वना म्हणाला.

“काय?” ती म्हणाली. ती केळ सोलत होती. अर्धं तिने त्याला दिलं.

मग पाचोऱ्यापर्यंत वना दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारत राहिला. सासरा कसा आहे, म्हैस व्यायली का, सिनेमा कोणता पाहिलास. ती सगळ्याची उत्तरं देत होती. शेवटी वैतागून म्हणाली, “बायको केली तर ती पळून जाईल तुझ्या या बडबडीला.”

आखाजीला आईने पितरांची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. रव्याच्या गोड सांजोऱ्या तळल्या. दुपारी गल्लीतल्या मुली निंबाखाली जमल्या आणि कस्तुरा झोक्यावर बसली. तीन वर्षांचे झोके ती एका दिवसात घेत होती. ओट्यावर वना बसला. आईने कढईतली पहिली सांजोरी त्याच्या हातावर टाकली. पोळली म्हणून त्याने ती या हातातून त्या हातात घेतली.

“अक्का!” तो ओरडला.

“काय रे?” झोका वर गेला.

“अक्का!”

“आहे ना इथेच!”

त्याने ठरवलं होतं. ती माहेरी आहे तोवर हाक मारत राहायचं. घसा बसला तरी चालेल. आई हसत आत गेली. मुलींनी गाणं धरलं. वनाने पुढच्या हाकेसाठी श्वास घेतला.

“वना!” आईने हाक मारली.

“आलो,” वना म्हणाला.

आई समोर उभी होती. तिच्या अंगावर रोजचं लुगडं होतं. अंगणात मुली नव्हत्या. घागरीजवळचं डांगर नव्हतं, घागरही नव्हती. झोका रिकामा होता आणि त्याच्या पाटावर निंबाचा पाला साठला होता.

“झोका सोडाना शे,” आई म्हणाली. “आखाजी व्हई गई, तीन दिन व्हयनात.”

“तीन दिवस? मी कुठे होतो?”

आई झोक्याकडे वळली.

“काम पडनं,” ती म्हणाली, “म्हनून हाक मारी.”

वनाने हाताकडे पाहिलं. सांजोरी अजून पोळत होती.