काठ्यांची सरळ रांग

"बाबा आता एकटे बाहेर जाणार नाहीत. विषय संपला," काकांनी जाहीर केलं.

विषय संपला नव्हता, कारण खोलीत भिंगरी होती. सुट्टीला काकांकडे आली की ती कुठलाच विषय सहजासहजी संपू देत नसे. शेजारी काकांचा मुलगा चष्मिस आजोबांच्या पायाकडे बघत बसला होता. सकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर आजोबांचा घोटा मुरगळला होता आणि आता तो टम्म सुजला होता. रोज एकट्यानं वाचनालयात जाणं हा आजोबांचा सगळ्यात मोठा आनंद. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंगरीला फार वाईट वाटलं.

काकांनी तेल गरम करून आणलं. "चांगलं रगडतो, उतरेल सूज."

"हात लावून तर बघ," दारातून आत्या म्हणाली. आत्या फिजिओथेरपिस्ट, तिच्यापुढे काकांचं काही चालत नसे. "ताज्या मुरगळीला चोळायचं नाही, शेकायचंही नाही. पहिले दोन-तीन दिवस तरी."

तिनं घोट्याची हाडं दाबून पाहिली, आजोबांना काठी देऊन चार पावलं टाकायला लावली. "हाड शाबूत दिसतंय." मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ, थोड्या वेळानं क्रेप बँडेज, आणि पाय उशीवर.

त्या चार पावलांत भिंगरीला भलतंच काही दिसलं. काठी टेकली की आजोबांचा खांदा कानाला लागत होता.

"आजोबा, ही काठी कधीची?"

"परवाची. जुनी मोडली. ही बया चालताना मलाच ढकलते."

भिंगरी आणि चष्मिस, दोघं ती काठी घेतलेल्या दुकानात पोचले. काचेमागे तीस काठ्या, सगळ्यांच्या मुठी पट्टी लावल्यासारख्या एका रेषेत. दुकानदार शिडीएवढा उंच आणि टापटिपीचा भोक्ता.

"रोज सकाळी सगळ्या एका उंचीला आणतो," तो अभिमानानं म्हणाला. "गिऱ्हाईक रांग बघूनच आत येतं."

"आणि विकताना?" चष्मिसनं विचारलं.

"उचलायची आणि न्यायची. काठी ती काठी."

चष्मिसनं एक काठी घेतली, उंची कमी-जास्त करायचं तिचं बटण दाबून ती पार खालच्या भोकावर आणली आणि त्याच्या हातात दिली. "दारापर्यंत चालून दाखवता?"

"त्यात काय," म्हणत दुकानदार निघाला. दारापर्यंत पोचेतो त्यानं कंबर धरली होती. "ही फारच आखूड आहे."

"काठी ती काठी," भिंगरी म्हणाली.

दुकानदारानं कमरेवरचा हात काढला. मग म्हणाला, "कोणी पडलं का?"

तो स्वतः घरी आला. आजोबा बूट घालून, हात सैल सोडून उभे राहिले. मूठ मनगटाच्या रेषेत यायला काठी तीन भोकं खाली घ्यावी लागली.

"आता दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा," आत्या म्हणाली. आजोबांचा खांदा जागेवर आला.

"मला वाटलं, वयानं तोल जातोय," काका ओशाळून म्हणाले. "पोरांनो, शाबास. तुम्ही नीट बघितलंत, मी नुसतं तेल तापवत बसलो."

दुकानातली रांग आता वेडीवाकडी असते. दुकानदार प्रत्येकाला आधी मापतो.

तीन आठवड्यांनी सूज पूर्ण उतरली, तेव्हा काकांनीच आजोबांचे बूट पुढे ठेवले. भिंगरी आणि चष्मिसही चपला घालून तयार.

"तुम्ही कुठे?" आजोबांनी विचारलं.

"सोबतीला."

"मी एकटा जाणार आहे. विषय संपला," आजोबा म्हणाले, आणि काठी टेकत निघाले.