गेटवरच्या रजिस्टरमधला शब्द

समाधान वेळेचा इतका पक्का, की निघोज्याच्या त्या कंपनीत लोक त्याच्यावर घड्याळ लावत. त्यात आज पहिल्या लेकीचं बारसं. आकुर्डीला, पाच वाजता. लातूरहून आलेली बहीण, जयमाला, बाळाच्या कानात नाव सांगणार होती. नाव काय, ते आत्याबाईंनी भावालाही कळू दिलं नव्हतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दोन वाजून दहा मिनिटांनी गेटवर आला. रजिस्टरात त्याच्या नावापुढे, 'बाहेर'च्या रकान्यात, कुणीतरी आधीच वळणदार इंग्रजीत एक शब्द लिहिला होता. शाई वाळलेली होती.

एचआरची दिव्या जेवून परतत होती. तिला त्यानं तो दाखवला.

"टॅरी," तिनं वाचलं आणि मोबाइलवर शोधलं. "जुनं क्रियापद आहे. निघायची वेळ झाली तरी रेंगाळणं. आता कुणी वापरत नाही. वापरलंच तर नकार लावून, रेंगाळू नकोस असं."

"इथं नकार आहे?"

"नाही."

"माझ्याकडं नका बघू," वॉचमन दौलतराव म्हणाले. "आमी मराठीत लिवतो."

समाधान हसला, सही ठोकली आणि निघाला. कंपनीची भिंत डावीकडे ठेवून पाच मिनिटं चाललं की बसचा थांबा. भिंत संपली, तो कोपऱ्यावर वळला. समोर तेच गेट होतं.

"काय राव, अजून इथंच?" दौलतराव म्हणाले.

ऊन लागलं असेल, म्हणून तो या वेळी उजवीकडून गेला. पुन्हा गेट. केबिनमधल्या घड्याळात दोन दहा.

फोन वाजला. निशिगंधा, त्याची बायको. "अहो, पाहुणे जमलेत. वन्सं खोळंबल्यात."

"निघालोय गं."

तो आता पळत सुटला. कोपरा आला. गेट.

पुन्हा फोन. "किती थांबायचं? आम्ही आटपून घेतलं." आवाज कोरडा होता.

"नाव काय ठेवलं?"

फोन कट झाला होता.

समाधान घाबरला. घड्याळात दोन दहाच होते.

त्यानं घरचा नंबर लावला. बराच वेळ रिंग गेली.

"हॅलो?" तरण्या मुलीचा आवाज.

"निशिगंधा आहे का?"

"आई कामावर गेलीय. मी विजयश्री, तिची मुलगी. आपण कोण?"

नाव छान होतं. समाधाननं ते पहिल्यांदाच ऐकलं.