निळीच्या रांजणाला कोणी मारलं?

"खून झालाय," मालकीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मेव्हण्यांच्या हातातला कप बशीवर आदळला. खिडकीशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले डुलकीराव मात्र हलले नाहीत.

डुलकीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण खासगी तपासाचा धंदा करणारा हा गृहस्थ अशिलासमोर खुशाल डोळे मिटायचा, म्हणून लोकांनीच ते चिकटवलं होतं. मेव्हणे म्हणजे त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ. जन्मभर औषधांच्या दुकानात उभे राहून निवृत्त झाले होते. घरी बसून बायकोच्या सूचना ऐकण्यापेक्षा भाऊजींच्या मागे हिंडलेलं त्यांना परवडायचं.

"कोणाचा खून?" मेव्हण्यांनी विचारलं.

"रांजणाचा."

मेव्हण्यांनी हळूच भाऊजींकडे पाहिलं.

"निळीचा असणार," डुलकीराव डोळे न उघडता म्हणाले. "तो जिवंत असतो. बोला, बाई."

बाई बोलू लागल्या. त्यांचा हातमागांचा कारखाना खालच्या वस्तीत होता. निळीचं काम मात्र वरच्या वस्तीचं. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही, ती आंबवावी लागते. त्यासाठी रांजणात एक जिवंत पाणी राखतात. ते कोंडा खातं, चुना खातं, रुसतं, झोपतं. पिढ्यान्‌पिढ्या खालचं पांढरं सूत वर जायचं आणि निळं होऊन परत यायचं. विद्या काही खाली आली नाही.

"पण वरची तरणी माणसं निघून गेली. ती विद्या असलेल्या एकट्या म्हाताऱ्या बाई उरल्या, सगळे त्यांना मावशी म्हणतात. आपल्यामागे निळा रंग जाऊ नये म्हणून त्या स्वतःच्या रांजणातलं अर्धं पाणी घेऊन आमच्याकडे आल्या. विरजण आणावं तसं. वरच्यांनी खूप आडकाठी केली. तरी आल्या."

"आणि शिकवलं कोणाला?"

"अजून कोणालाच नाही. त्यांच्यात नियम आहे, एका तोंडातून एकाच कानात. म्हणाल्या, आधी माणूस पारखते. तेवढ्यात त्यांना ताप भरला, आणि त्या अंथरुणात असतानाच रांजण मेला. आता आमचे लोक म्हणतात, आम्हाला विद्या मिळू नये म्हणून म्हातारीनंच काहीतरी कालवलं. वरचे म्हणतात, तुम्ही मारलात. आज दुपारी त्यांचा भाऊ गाडी घेऊन येतोय. त्या गेल्या की परत यायच्या नाहीत." बाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. "मग निळं सूत या जगात कोणी रंगवणार नाही हो."

डुलकीरावांनी डोळे उघडले. ते क्वचितच घडायचं.

कारखान्यात त्या दिवशी माग बंद होते. छतापासून निळ्या सुताच्या लडी लोंबत होत्या. त्यांच्यामधून गाळून आलेला उजेड फरशीवर पसरला होता. मेव्हण्यांना आपण तळ्याच्या तळाशी चालतोय असं वाटायला लागलं. त्यांचे पाय आपोआप हळू पडू लागले. कोणी बोललं तर बुडबुडे निघतील की काय, असाही एक वेडा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

मागच्या खोलीत रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. मुकादम वाट पाहत उभे होते. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस.

"वरच्यांचं कौतुक मला सांगू नका," ते म्हणाले. "आजवर आम्हाला दाराबाहेर उभं केलं त्यांनी."

बोलता बोलता त्यांनी लाकडी झाकणावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि झाकण उचललं. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"हे काय झालं?" डुलकीरावांनी विचारलं.

"मागात चेंगरला."

मेव्हण्यांनी रांजणात दोन बोटं बुडवली. पाणी साबणासारखं बुळबुळीत लागलं. वास म्हणावा तर नव्हताच.

"जिवंत होता तेव्हा वास होता?"

"अहो, डोळ्यांतून पाणी काढील असा! वर तांब्याच्या रंगाची साय धरायची, आणि ढवळायला घेतलं की ती अशी..." हवेत गोल फिरणारा हात थांबवून मुकादम थबकले. "असं म्हणतात लोक. पहाटे कारखाना मी उघडतो. पण या खोलीत मी पाऊल टाकलेलं नाही."

कोपऱ्यात चुन्याची बरणी होती. मालकीणबाईंनी ती कलती करून दाखवली. तळ दिसत होता.

"ताप यायच्या आधी ही गच्च भरलेली होती. मला तर उंदरांचाच संशय आला."

"एकदम रिकामी झाली?"

"नाही, रोज थोडी थोडी."

"चुना खाणारे उंदीर," डुलकीराव म्हणाले. "तब्येतीनं दणकट असणार."

कारखान्यालाच लागून असलेल्या घराच्या स्वयंपाकघरात मालकीणबाईंच्या सूनबाईंनी चहा ठेवला होता. त्यांनी किटलीच्या झाकणावर हलकेच टकटक केलं, झाकण काढलं, आत डोकावल्या आणि कप भरले. त्यांची बोटं तेलानं चकाकत होती.

"भांडी घासून हात फुटलेत," त्या कोणी न विचारताच म्हणाल्या.

"दुपारी काय करता?"

"सगळे पडलेले असतात. मी एकटीच जागी. वाचत बसते."

"काय वाचता?"

सूनबाईंनी बराच विचार केला. "जाडं आहे पुस्तक," त्या म्हणाल्या.

मागांची दुरुस्ती बघणारा मिस्त्री एका मागाशी बसला होता. उकाडा मी म्हणत होता आणि या पठ्ठ्याच्या हातात रबरी मोजे. त्यानं हत्यारांच्या पेटीवर दोनदा टिचकी मारली, मग पेटी उघडून पाना काढला.

"तेल सोसत नाही हातांना," तो म्हणाला. "संध्याकाळी सगळे गेले की मागांना तेल घालायला मी एकटाच थांबतो ना."

"रांजणाचं कळलं तेव्हा?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "जेवण जाईना, साहेब," तो म्हणाला, आणि मग उगाचच तोच पाना पुसत राहिला.

माडीवर मावशी अंथरुणात टेकून बसल्या होत्या. लहानखुरी बाई, कोपरापर्यंत निळे हात. त्यांनी उशाच्या पाण्याच्या भांड्यावर पेरानं टकटक केलं, झाकण सरकवलं आणि घोटभर पाणी प्यायल्या. मेव्हण्यांना वाटलं, कोणाला तरी हाक मारतायत.

"तुमचा कोणावर संशय?" डुलकीरावांनी विचारलं.

"कोणावर घेऊ? ज्याला ठाऊक नाही तो झाकण उघडताच वासानं पळेल. आणि ज्याला ठाऊक आहे तो मारणार नाही."

"चुना कितीदा घालायचा?"

मावशींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "दिवसातून एकदा. मूठभर."

"जास्त झाला तर?"

"झोपतो. आणि मग उठत नाही."

जिना उतरताना मेव्हण्यांनी बाही धरून भाऊजींना थांबवलं.

"मुकादमच. त्याच्या पोटात वरच्यांबद्दल विष आहे. चुना ओतला आणि हात वर केले."

"ओतला असता तर बरणी एकदम रिकामी झाली असती, मेव्हणे. मारणारा एकदाच मारतो. रोज जपून मूठभर घालतो, तो माणूस त्याला जेवू घालत असतो."

"मग मेला कसा?"

डुलकीरावांनी पायरीवर बसून डोळे मिटले. "मावशींचा भाऊ आला की उठवा मला," ते म्हणाले.

गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. निळसर उजेड जांभळा झाला होता. भाऊ उंच, वाकलेला, मुका वाटावा इतका गप्प होता. सगळे रांजणाच्या खोलीत जमले. मावशींना खुर्चीवर बसवलं. भावानं दारातच उभं राहणं पसंत केलं.

"एक गंमत पाहिलीत का, मेव्हणे?" डुलकीरावांनी सुरुवात केली. "झाकण उघडायच्या आधी मुकादमांनी टकटक केलं. सूनबाईंनी किटलीवर केलं. मिस्त्रीनं पेटीवर. किटलीत कोण झोपलंय, पेटीत कोण दचकणार आहे? पण हाताला सवय लागली की हात विचारत नाही. आणि ही सवय या घरात कोणाची? मावशींची. आत जीव आहे, आधी वर्दी द्यावी, म्हणून. खरं ना, मावशी?"

मावशींनी निळे हात पदराखाली घेतले.

"आता तिघांनी हात पुढे करा."

चिंधी सुटली. तेलकट बोटं पुढे आली. मोजे निघाले. तिघांच्याही बोटांना सारख्याच भेगा होत्या.

"हा चुना," डुलकीराव म्हणाले. "तुम्ही आयुष्यभर मलमं विकलीत, मेव्हणे, आणि चुन्यानं खाल्लेली कातडी ओळखली नाहीत? पाणी बुळबुळीत लागलं, तेही चुन्यानंच. आणि मुकादम, सायीचा रंग तुम्ही ऐकून सांगितला नाहीत. ढवळल्यावर ती कशी फाटते ते सांगता सांगता तुमचा हात फिरायला लागला होता."

मुकादमांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मावशींनी कोणालाच शिकवलं नाही असं बाई समजत होत्या. खरं तर शिकवलं होतं. तिघांना, वेगवेगळं. प्रत्येकाला सांगितलं, तुझ्याशिवाय कोणाला नाही, आणि ब्र काढायचा नाही. मग मावशींना ताप आला. तिघांच्याही मनात एकच आलं, आता हा जीव माझ्या एकट्यावर आहे. मुकादमांनी पहाटे मूठभर घातला. सगळे पडल्यावर सूनबाईंनी घातला. संध्याकाळी मिस्त्रीनं घातला. तिघांनी डोळ्यांत तेल घालून जपलं. रांजण त्या मायेनंच मेला."

सूनबाई मुकादमांकडे पाहत होत्या, मुकादम मिस्त्रीकडे.

"मला म्हणालात, फक्त तुला," सूनबाई म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं. रांजण मेल्याचं दुःख त्यात होतंच, पण आपण एकट्या नव्हतो याचंही होतं, आणि ते त्यांना लपवता आलं नाही.

"मी मावशींना रोज शिव्या घालायचो," मुकादम पुटपुटले, "कोणाला कळू नये म्हणून."

"माझंच चुकलं," मावशी म्हणाल्या. "तिघांतलं कोण टिकेल कळेना. माझे दिवस कमी. नियम मोडायचाही धीर नव्हता, आणि पाळवतही नव्हता. म्हणून तिघांना शपथ घातली." त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच दाराकडे पाहिलं. "चल दादा. घेऊन चल मला."

दादा जागचा हलला नाही.

"तिघांना सांगितलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज गंजल्यासारखा होता. "तीन परक्या माणसांना?"

"दादा..."

"वरची लाकडं कोणी फोडली? पाणी कोणी वाहिलं? कोंडा, राख, चुना, सगळं त्या उंबऱ्यापर्यंत मी आणून ठेवलं. आईनं तुला आत बोलावलं, आणि मी बाहेर बसून राहिलो. म्हातारा झालो बाहेर बसून. एकदा विचारलं नाही, कारण नियम होता." त्यानं चौकट धरली. "तो नियम तू तीनदा मोडलास, आणि तीनदा मोडताना तुला मी आठवलो नाही?"

मेव्हण्यांनी खाली पाहिलं. गुन्हेगार सापडला की त्यांना नेहमी हायसं वाटायचं. आज वाटलं नाही.

"मला वाटलं, तुला नकोच आहे," मावशी शेवटी म्हणाल्या.

"मला कोणी विचारलं होतं?"

डुलकीरावांनी काहीतरी बोलावं म्हणून मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले मात्र नव्हते.

मावशी उठल्या. सूनबाई आधाराला धावल्या, तर त्यांना मावशींनी हातानंच बसवलं. "बसा सगळे," त्या म्हणाल्या. "जमिनीवर. बाई, तुम्हीही. वर अर्धा रांजण मी झाकून राखलाय अजून, तो आणता येईल. पण आधी ऐका. दादा, तू पुढे ये. अगदी पुढे."

भाऊ दारातून आत आला. चप्पल काढली आणि सगळ्यांच्या पुढे, मांडी घालून, शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला.

मावशींनी श्वास घेतला. ओठ हलले, पण मागच्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ते शब्द त्यांनी आयुष्यात कधी कुजबुजीपेक्षा मोठ्यानं उच्चारलेच नव्हते. आता उच्चारू म्हटलं तरी आवाज चढेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या तशाच, हळू, बोलत राहिल्या.

मग मुकादम सरकले. मिस्त्री सरकला. मालकीणबाई, सूनबाई, मेव्हणेसुद्धा, सगळे गुडघ्यांवर पुढे सरकत सरकत त्यांच्याजवळ आले.

"थांब जरा," भाऊ म्हणाला. "मागच्यांना ऐकू आलं नाही. पहिल्यापासून सांग."