रक्ताला पडलेला विसर

स्मृतिगृहातल्या माणसांना सगळं आठवायचं. म्हणूनच त्यांना काचेत ठेवलं होतं.

वसंतराव कासार तिथे गेले, त्याआधी त्यांना बायकोसुद्धा ओळखू येत नव्हती. तरी रोज सकाळी कलावतीबाई समोर बसल्या, की ते त्यांचा हात धरत, बोटांची हाडं दाबून मऊ करत आणि जन्मभर केलं तसं ओरखडा न उमटवता बांगड्या चढवत. मग विचारत, "कुणाच्या घरच्या तुम्ही, ताई?"

"ताई म्हणे! चार पोरं झाली या ताईला तुमच्यापासून!"

लग्नाआधी आष्ट्याच्या बाजारात याच माणसाने बांगड्या भरल्यावर हात सोडायला उशीर केला होता. मागून आई खेकसली होती, "बांगड्या भरतोस का हात मागतोस?" तो दिवस आता एकट्या कलावतीबाईंपाशी उरला होता.

डॉ. केतकी निंबाळकरांनी रक्त तपासलं. "आजी, रक्तात पहारेकरी असतात. गोवर, कांजिण्या, एकदा आलेला रोग ते ध्यानात ठेवतात. यांचे चवताळलेत. मेंदूत शिरून तिथलेच धागे कुरतडतायत. त्याच्या खुणा रक्तात दिसल्या."

"मग हाकला मेल्यांना!"

"हाकलता येतं. त्याला आम्ही 'पुसणी' म्हणतो. रक्ताची आठवण पुसली, की मेंदूचे धागे पुन्हा जुळतात. पण मग रक्ताला एकही रोग ओळखू येत नाही. साधी सर्दी जीव घेईल. जन्मभर काचेआड राहायचं, कुणी शिवायचं नाही."

"मला ओळखतील ना? झालं तर."

दिवाळीच्या सुमाराला काचेपलीकडून हाक आली, "कले!"

वसंतराव बोलतच सुटले. आष्ट्याचा बाजार, सासूचं खेकसणं, कलावतीची जांभळी साडी.

"जांभळी कुठली? मोरपंखी होती."

"तुला काय आठवतंय? मला विचार!" हसत त्यांनी हात पुढे केला. तो काचेवर आपटला.

त्यानंतर बोलणं आटत गेलं. ते तिच्या मनगटाकडे बघत बसायचे. एक दिवस तिच्यादेखत म्हणाले, "डॉक्टर, मला लसी टोचा. सगळ्या."

"लसी टोचल्या, की पहारेकरी पुन्हा तयार होतील, आजोबा. मेंदूतही शिरतील. या तुम्हाला परक्या होतील."

"होऊ देत. हात तरी हातात येईल. आत्ता ती मला नुसती ठाऊक आहे."

डॉक्टरांनी कलावतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मनगटातल्या बांगड्या चाचपल्या.

"टोचा त्यांना," त्या म्हणाल्या. "पण आज नको. आज बोलू दे."

शेजारच्या काचेवर टकटक झाली. तिथले म्हातारे मास्तर सगळं ऐकत होते. "मलाही," ते म्हणाले.

मग त्यापलीकडच्या काचेवर टकटक झाली. मग त्याही पलीकडच्या.